यात्रेचा माल, उधारीचं खोबरं आणि विम्याचा कागद



चैत्र यात्रा तोंडावर आली की वाडी रत्नागिरीवरच्या दुकानदारांच्या घरात दोनच विषय असतात. खोबऱ्याचा भाव आणि माल ठेवायला जागा. यंदा मी त्यात तिसरा विषय घुसडतोय, विम्याचा. पोस्ट लांब होणार आहे, आधीच सांगतो. ज्याचं हातावर पोट आहे, स्वतःचं दुकान, टपरी, गाडा, फोटोचं काम, जेवणाचा डबा, काहीही आहे, त्यानं वाचावी. नोकरीवाल्यांनी वाचून घरातल्या दुकानदाराला सांगावी.

माझं दुकान मंदिराच्या वाटेवर, दहा बाय बारा. नारळ, खोबरं, गुलाल, कापूर, उदबत्ती, थोडे पेढे. एरवी दुकानात साधारण तीन लाखांचा माल असतो. माघातले खेटे सुरू झाले की वाढायला लागतो, आणि चैत्र पौर्णिमेच्या आधीच्या आठवड्यात तोच माल नऊ-दहा लाखांवर जातो. पोती माडीवर, पोती जिन्याखाली, पोती घरातल्या देव्हाऱ्यासमोर. पाडळीची मानाची सासनकाठी डोंगरावर येईपर्यंत घरात माणसाला झोपायला जागा नसते. आता यातला माझ्या पैशाचा माल किती? निम्मासुद्धा नाही. बाकीचं सगळं कोल्हापूरच्या व्यापाऱ्याचं, यात्रा झाल्यावर हिशोब. आपल्यातल्या बहुतेकांचं असंच आहे. म्हणजे त्या आठ दिवसांत एखादी ठिणगी पडली तर माल जातोच, पण उधारी जात नाही. ती व्यापाऱ्याच्या वहीत तशीच उभी राहते.

हे बोललं की उत्तर ठरलेलं. "अरं जोतिबा हाय की! दख्खनचा राजा राखणदार असताना विमा कशाला?" माझ्या आईचंही हेच म्हणणं. तिच्या श्रद्धेपुढं मी बोलत नाही. पण देवाच्या दारात बसलो म्हणून आपण दुकानाला कुलूप लावायचं सोडलंय का?

तसं पाहिलं तर विमा हे आपल्या भागाला काही नवीन नाही. शेजारच्या साताऱ्यात अण्णासाहेब चिरमुल्यांनी १९१३ साली वेस्टर्न इंडिया ही आयुर्विमा कंपनी काढली होती. शंभर वर्षं उलटून गेली. तरी आपल्याकडं विमा म्हणजे आयुर्विमा, आणि तोही पाहुण्यातल्या एजंटाच्या भिडेखातर. माणसाचा काढतात, गाडीचा पोलीस धरतो म्हणून काढतात, दुकानाचा मात्र बँकेनं कर्ज देताना काढला तरच.

आता ज्यांना वाटतं की काही झालं तर सरकार देईल, त्यांच्यासाठी. २०१९ च्या ऑगस्टात पंचगंगेचं पाणी शहरात शिरलं तेव्हा लहान व्यावसायिकांना नुकसानीच्या ७५ टक्के, पण जास्तीत जास्त ५० हजार रुपये, अशी मदत सरकारनं ठरवली होती. जुलै २०२१ च्या पुरानंतर दुकानदाराला ५० हजारांपर्यंत आणि टपरीधारकाला १० हजारांपर्यंत. त्याला पंचनामा, स्थानिक रहिवासी असल्याचा पुरावा, नोंदणी, सगळं लागतं. मदत मिळाली त्यांना ती उपयोगी पडली, नाही म्हणत नाही. पण नऊ लाखांच्या मालाला ५० हजार? आणि ती मदत मोठ्या आपत्तीची. एकट्या तुमच्या दुकानातलं मीटर पेटलं तर त्याला आपत्ती म्हणायला कोण येणार?

आमच्या ओळीत एक किस्सा झालाय. शेजारच्या दुकानात रात्री मीटरजवळ जाळ झाला. पोरांनी बादल्यांनी विझवला. जळालं थोडंच, भिजलं मात्र सगळं. गुलाल भिजला की त्याची माती होते आणि ओलं झालेलं खोबरं कुणी देवावर उधळायला घेत नाही. अग्निशमनाची गाडी घाट चढून येईपर्यंत काम आटोपलं होतं, आणि त्या दुकानदाराचं वर्षसुद्धा. विमा नव्हता. (माहितीसाठी: आग विझवताना पाण्यानं झालेलं नुकसानही आगीच्या विम्यात धरलं जातं. हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं.)

त्यानंतर मी माझ्या कॅश क्रेडिटच्या कर्जाची फाईल बँकेतून मागून घेतली. दरवर्षी खात्यातून विम्याचे पैसे कापले जातात हे पासबुकात दिसायचं, पॉलिसी मात्र हातात कधी दिलेली नव्हती. तीन फेऱ्यांनंतर झेरॉक्स मिळाली. त्यावर दुकानाचा पत्ता म्हणून माझ्या डोंगराखालच्या गावातल्या घराचा पत्ता! जिथं खोबऱ्याची एक वाटी नाही, तिथं तीन लाखांचा माल विमा काढून सुरक्षित ठेवलेला, आणि जिथं माल आहे तिथं काहीच नाही. मॅनेजरसाहेब म्हणाले, "क्लार्कनं आधार कार्डावरनं घेतलं असेल." असेल. पण विमा पत्त्याला असतो, माणसाला नसतो. दाव्याच्या वेळी सर्व्हेअर येऊन पहिला तोच बघतो. बँकेचं नाव लिहीत नाही, कारण हे एकाच बँकेत होतं असं मला वाटत नाही. तुमच्या खात्यातून विमा कापला जात असेल तर उद्याच पॉलिसीची प्रत मागा. पत्ता बघा, मालाचं वर्णन बघा, रक्कम बघा. आणखी एक, त्यावर बँकेचं नाव असतं, म्हणजे दाव्याचे पैसे आधी बँकेच्या कर्जाला जातात. उरले तर तुमचे.

मग मी ठरवलं, स्वतः बसून निवडायचं. दोन महिने तीन एजंटांशी आणि एका सरकारी कंपनीच्या अधिकाऱ्याशी डोकं लावलं. त्यातून जे हाती आलं ते सांगतो.

१ एप्रिल २०२१ पासून विमा नियामक प्राधिकरणानं सगळ्या कंपन्यांना एक ठरावीक पॉलिसी विकायला लावली आहे. नाव 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा'. एका ठिकाणी इमारत, माल, फर्निचर सगळं मिळून ५ कोटींपर्यंत ज्याचं आहे त्याच्यासाठी. म्हणजे डोंगरावरचे आपण सगळे त्यात बसतो. चांगली गोष्ट ही की मजकूर सगळीकडं जवळपास सारखाच, त्यामुळं एजंटाला "आमच्यात हे जास्त आहे" म्हणायला फारशी जागा नाही. आग, वीज पडणं, भूकंप, वादळ, पूर, दरड, दंगल हे सगळं मुळातच आत. पूर्वीच्या आगीच्या पॉलिसीत वादळ-पुराचा भाग काढून टाकून हप्ता कमी करून घ्यायची सोय होती. "आपल्याकडं कुठलं पाणी येतंय" म्हणून तो काढला की पुराच्या वर्षी हातात काही नाही. डोंगरावर पूर येत नाही हे खरं, पण वळवाचा वारा पत्रे कुठवर नेतो हे कुशिरे-पोहाळेच्या शिवारात जाऊन विचारा. आणि २०२१ च्या पावसात पन्हाळ्याचा रस्ता खचला तेव्हा दरड म्हणजे काय ते आपण समोरून बघितलंय.

काय मिळत नाही ते मात्र नीट ऐका. पावसाळ्यात डोंगरावर जे धुकं बसतं त्यानं गुलाल सर्दावला, खोबऱ्याला बुरशी आली, उंदरांनी पोती फोडली, छत वर्षानुवर्षं गळून माल खराब झाला, यातलं काहीही नाही. शॉर्टसर्किटनं आग लागून माल जळाला तर मिळतं, पण ज्या फ्रीजमध्ये शॉर्टसर्किट झालं त्या फ्रीजचे मिळत नाहीत. सरकारी हुकमानं बांधकाम पाडलं तर त्याचेही नाहीत. मंदिर परिसराच्या विकास आराखड्याची चर्चा चालू असल्यामुळं हे मला तिघांनी विचारलं, म्हणून लिहिलं. दुकान भाड्याचं असेल तर भिंतींचा विमा मालकानं काढायचा, आपण आतल्या मालाचा आणि फर्निचरचा.

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा, रक्कम. इथं आपला माणूस हप्ता वाचवायला जातो आणि फसतो. समजा तुम्ही एरवीच्या हिशोबानं ३ लाखांचा विमा काढला. यात्रेच्या आठवड्यात दुकानात ९ लाखांचा माल आहे. आग लागली आणि ३ लाखांचा माल गेला. तुम्हाला वाटेल ३ लाखांचा विमा आहे, ३ लाख मिळतील. तसं नसतंय. कंपनी म्हणणार, मालाच्या एक तृतीयांशाचाच विमा होता, म्हणून नुकसानीच्याही एक तृतीयांश. १ लाख. वर थोडीफार स्वतः सोसायची रक्कम वजा. या नव्या पॉलिसीत १५ टक्क्यांपर्यंतचा फरक माफ आहे, पण आपला फरक पंधरा टक्क्यांचा थोडाच असतो? ज्या देवळाच्या गावात वर्षाचा निम्मा धंदा काही दिवसांत होतो, तिथं रक्कम यात्रेच्या मालावर धरली पाहिजे. वर्षभर तेवढी ठेवणं परवडत नसेल तर यात्रेपुरती वाढवून घ्यायची, आणि ते आधी लेखी करून घ्यायचं. माल खरेदीच्या किमतीनं धरतात, विक्रीच्या नव्हे. म्हणून बिलं जपा. पक्की बिलं. आपल्याकडं अर्धा व्यवहार चिठ्ठीवर चालतो. सर्व्हेअर चिठ्ठी बघून नुसता हसतो. बिलांचे फोटो काढून मोबाईलवर दुसऱ्या कुणाला तरी पाठवून ठेवा, कारण दुकान जळतं तेव्हा बिलांची फाईलही दुकानातच असते.

उधारीच्या मालाचंही दोन प्रकार आहेत. व्यापाऱ्यानं तुमच्या नावानं बिल करून दिला आणि पैसे नंतर, तर माल तुमचा. पण "विकलं तर पैसे, उरलं तर परत" असा असेल तर तो कागदोपत्री त्याचाच. अशा मालाचा उल्लेख पॉलिसीत वेगळा करावा लागतो. मी दोन्हीचा करून घेतलाय. एजंट म्हणाला, "एवढं कोण बघतंय?" मी म्हटलं, दाव्याच्या वेळी तुझीच कंपनी बघणार.

कापूर. हा विषय कुणी काढत नाही. अर्जात माल कुठला ते विचारलेलं असतं आणि एजंट एका शब्दात 'किराणा' किंवा 'पूजा साहित्य' लिहून मोकळा होतो. कापूर कसा पेटतो ते आपल्याला आरतीत रोज दिसतं. सुकं खोबरं तेलाचं. माल काय आहे ते स्पष्ट लिहा, हप्ता चार पैसे वाढला तरी चालेल. लपवलेली गोष्ट कंपनीला दावा नाकारायला आयती सापडते.

आणि यात्रेतल्या मांडवाचं काय? ताडपत्री, बांबू, कापड यांच्या बांधकामाला विम्याच्या भाषेत कच्चं बांधकाम म्हणतात. कंपन्या एकतर नको म्हणतात किंवा दर वाढवतात. शिवाय रस्त्याकडेचा मांडव म्हणजे तुमच्या दुकानाचा पत्ता नव्हे, म्हणून दुकानाच्या पॉलिसीत तो माल धरला जात नाही. वेगळं ठिकाण म्हणून नोंदवावं लागतं. ज्यांचं कायमचं दुकानच नाही, यात्रेपुरता गाडा लावतात, दवणा विकतात, त्यांच्यासाठी आजच्या बाजारात सरळ काही नाही. ज्यांना सगळ्यात जास्त गरज त्यांनाच काही नाही. हे मला पटत नाही, आणि त्यावर पुढं येतोच.

चोरीचा विमा वेगळा घ्यावा लागतो, पण त्यात कडी-कुलूप तोडल्याची, भिंत फोडल्याची खूण लागते. गर्दीत कुणी गल्ल्यात हात घातला तर तो या विम्यात येत नाही. रात्री नोटा गल्ल्यात ठेवून घरी गेलात तरीही अवघड. दुकानातून बँकेपर्यंत रोकड नेतानाचा विमा मिळतो. यात्रा झाल्यावर पैसे घेऊन आपण घाट उतरतो तेव्हा त्याची गरज कळते. दुकानदारांसाठी हे सगळं एकत्र बांधलेली पॉलिसीही मिळते, त्यातले हवे ते भाग निवडता येतात. दर्शनी काचेचा, निऑन बोर्डाचा विमा आपल्याला काय करायचाय? एजंट मात्र तो आधी वाचून दाखवतो.

गिऱ्हाइकाला इजा झाली तर? आपल्या दुकानाचा पत्रा, बोर्ड, पेढ्यांची बाधा. यालाही विमा आहे, तिऱ्हाइताच्या नुकसानीच्या जबाबदारीचा, आणि तो स्वस्त असतो. पेढ्याचं मात्र त्यात आहे का ते वेगळं विचारा. मांढरदेवची आठवण असेल. २५ जानेवारी २००५. असाच डोंगर, अशीच वाट, दोन्ही बाजूंनी अशीच दुकानं. नारळाच्या पाण्यानं निसरड्या झालेल्या पायऱ्या, चेंगराचेंगरी, मग पेटलेली दुकानं आणि फुटलेले सिलिंडर. सुमारे ३०० माणसं गेली. त्या दिवशी वाटेवरच्या दुकानदारांचं काय झालं, हा प्रश्न फार कुणी विचारला नाही. साहजिक आहे, एवढी माणसं गेल्यावर दुकानांचं कोण विचारतो? पण ती दुकानंही कुणाची तरी घरं चालवत होती. विम्यानं चेंगराचेंगरी थांबत नाही. मांडवात सिलिंडर न ठेवणं, वाट मोकळी सोडणं हे आपल्या हातातलं आहे, आणि ते आधी.

आता २०२० आणि २०२१. सलग दोन वर्षं चैत्र यात्रा झाली नाही. डोंगर एवढा शांत माझ्या वडिलांनीही पाहिला नव्हता. त्यावर बरेच जण विचारतात, धंदा बंद पडल्याचा विमा नसतो का? असतो. पण तो साधारणपणे आगीच्या विम्याला जोडलेला असतो. आधी दुकानाचं प्रत्यक्ष नुकसान व्हायला हवं, मग त्यामुळं बुडालेल्या नफ्याचं बघतात. रोगाच्या साथीनं, सरकारी बंदीनं दुकान धडधाकट असूनही बंद राहिलं तर त्यात काही नाही. विम्बल्डनच्या टेनिसवाल्यांनी साथीच्या रोगाचा विमा आधीपासून काढून ठेवला होता, २०२० ला स्पर्धा रद्द झाल्यावर त्यांना भरपाई मिळाली. इंग्लंडातले लहान धंदेवाले तर प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्यावर जानेवारी २०२१ मध्ये बऱ्याच अंशी जिंकले, कारण त्यांच्या पॉलिसीतली वाक्यं तशी होती. आपल्या पॉलिसीत तशी वाक्यं नाहीत. त्यामुळं कुणी एजंट "यात्रा रद्द झाली तरी मिळेल" म्हणाला तर ते वाक्य पॉलिसीत कुठं आहे ते बोट ठेवून दाखवायला सांगा.

एक गोष्ट राहिली, आणि माझ्या मते माल-फर्निचरच्या आधी ती यायला हवी. आपण स्वतः. एकट्याच्या धंद्यात माणूस पडला की दुकान पडलं. बँकेतून वर्षाला २० रुपयांत मिळणारी पंतप्रधान सुरक्षा विमा योजना अपघाती मृत्यूला किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वाला २ लाख देते, १८ ते ७० वयापर्यंत. ४३६ रुपयांची जीवनज्योती कुठल्याही कारणानं मृत्यू आला तरी २ लाख, पण नाव ५० वर्षांच्या आत घालावं लागतं. दोन्ही घ्याच. पण घाटात गाडी घसरून पाय मोडला आणि सहा आठवडे प्लास्टर, तर या दोन्हींतून एक रुपया येत नाही. त्यासाठी वैयक्तिक अपघात विम्यात आठवड्याला ठरावीक रक्कम देणारा भाग असतो, तो मागून घ्यावा लागतो. यात्रेला दोन पोरं कामाला ठेवता ना? त्यातलं कुणी माळ्यावरून पडलं तर कायद्यानं जबाबदारी मालकाची, म्हणजे आपलीच. ते पोर भाच्याचं मित्र असलं तरी.

मी शेवटी काय घेतलं? सूक्ष्म उद्यम सुरक्षा ४ लाखांची, यात्रेच्या महिन्यापुरती ती १० लाखांवर. चोरीचा, रोकड नेण्याचा, तिऱ्हाइताच्या जबाबदारीचा आणि कामावरच्या पोरांचा वेगळा. माझा अपघात विमा आठवड्याच्या रकमेसह. काच आणि बोर्ड नको म्हटलं. एकूण हप्ता यात्रेच्या एका बऱ्या रविवारच्या नफ्यापेक्षा कमी बसला. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्यावरचा जीएसटी गेला, दुकानाच्या विम्यावरचा १८ टक्के मात्र आहे तसाच आहे. दुकान वाचवणं ही चैन आहे असं सरकारला वाटत असावं.

आता डोंगराच्या पातळीवरचं. मुंबईत किंग्ज सर्कलच्या जीएसबी मंडळानं २०२४ च्या गणपतीला ४०० कोटींहून जास्त रकमेचा विमा काढला, आणि त्यातला मोठा वाटा दागिन्यांचा नव्हे, स्वयंसेवक, पुजारी, आचारी अशा माणसांच्या अपघात विम्याचा होता. २०२३ मध्ये सरकारनं पंढरीच्या वारकऱ्यांसाठी विमा छत्र योजना आणली. दोन्ही चांगलंच. मग आपल्या यात्रेत गाडेवाल्यांपासून दवणा विकणाऱ्या बायकांपर्यंत सगळ्यांचा मिळून एक विमा का निघू नये? एकेकट्याला कंपनी दारात उभं करत नाही, पण दोन-तीनशे जणांची यादी, मांडवाची जागा ठरलेली, सिलिंडरबंदी पाळलेली, असं घेऊन गेलं तर दर आणि अटी दोन्हीवर बोलता येतं. ग्रामपंचायत, देवस्थान समिती आणि आपण दुकानदार एका टेबलावर बसलो तर यंदा नाही, पुढच्या चैत्राला तरी हे होऊ शकतं. जागेच्या भाड्यात हप्त्याचे थोडे पैसे धरले तर गाडेवाल्याला वेगळे काढावे लागणार नाहीत.

दावा अडला तर काय, हेही लिहून टाकतो. आधी कंपनीकडं लेखी तक्रार. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर पुण्याच्या विमा लोकपालाकडं. एका मालकाचं दुकान आणि सूक्ष्म उद्योग दोन्ही तिथं चालतात, फी नाही, वकील लागत नाही. कंपनीनं नाकारल्यापासून वर्षाच्या आत मात्र जायला हवं.

सोमवारी दुपारी गर्दी नसते. तीन वाजता माझ्या दुकानासमोर बसूया. प्रत्येकानं आपापल्या बँकेच्या पॉलिसीची प्रत आणायची. ज्यांच्याकडं नाही त्यांनी ती मागितल्याच्या अर्जाची पोच आणावी. पत्ते आधी तपासू, यादीचं मग बोलू. चहा माझ्याकडं.